संयुक्त पक्षनेतृत्व

संयुक्त पक्षनेतृत्व : राजकीय पक्षाच्या सर्वोच्च पदाचा अधिकार दोन व्यक्तींकडे समान किंवा जवळजवळ समान स्वरूपात सोपविण्याच्या पद्धतीस संयुक्त पक्षनेतृत्व असे म्हणतात. ह्या पदासाठी दोन व्यक्ती परस्परांविरुद्ध उभ्या न राहता एकत्र उभ्या राहतात व पक्षाचे सभासद त्या दोघांना मिळून एकच मत देतात, तेव्हा त्या उमेदवारीस संयुक्त उमेदवारी म्हणता येते. राष्ट्रीय पक्ष, त्यांच्या राज्यशाखा आणि एखाद्या राज्यापुरते मर्यादित असलेले पक्ष ह्या तिन्ही ठिकाणी ही पद्धत आढळते. नेतृत्वाच्या स्पर्धेत एरवी मतदानानंतर करावी लागणारी तडजोड संयुक्त उमेदवारीमुळे मतदानापूर्वीच पार पडते. तथापि पुढे दोघांत मतभेद झाल्यास निर्णय कोणाचा मानावयाचा, हा प्रश्न तिच्यामुळे सुटत नाही. पक्षाच्या घटनेत त्याचे उत्तर आधीच दिलेले नसेल, तर तो न्यायालयापुढे किंवा निवडणूक आयोगापुढे जातो. तमिळनाडूतील अखिल भारतीय अण्णा द्रविड मुन्नेत्र कळघम (अण्णा द्रमुक) ह्या पक्षाच्या २०१७ ते २०२३ ह्या काळातील इतिहासावरून हे विशेष स्पष्ट होते.

स्वरूप व प्रकार : संयुक्त नेतृत्वाचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात अध्यक्षाच्या दोन जागा असतात व प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र मतदान होते. निवडून आलेल्या दोन व्यक्ती परस्परांच्या पसंतीच्या असतीलच असे नाही. जर्मनीतील ग्रीन पक्षाची पद्धत ह्या प्रकारची आहे. दुसऱ्या प्रकारात दोन व्यक्ती आपापसांत ठरवून जोडीने उभ्या राहतात आणि मतपत्रिकेवर त्यांची नावे एकत्र छापलेली असतात. मतदाराला एकाला स्वीकारून दुसऱ्याला नाकारता येत नाही. खऱ्या अर्थाने संयुक्त उमेदवारी ती हीच. तिसऱ्या प्रकारात एक पद प्रमुख व दुसरे दुय्यम असते, परंतु प्रचार मात्र जोडीने केला जातो. अमेरिकेतील राज्यपातळीवरील पक्षसंघटनांत हा प्रकार आढळतो. उदा., मिशिगन राज्याच्या रिपब्लिकन पक्षात २०२१ मध्ये रॉन वायझर हे अध्यक्षपदासाठी व मिशॉन मॅडॉक ह्या सहाध्यक्षपदासाठी एकत्र उभे राहिले आणि निवडून आले. वायझर हे जुन्या संघटनेतील अनुभवी पदाधिकारी होते, तर मॅडॉक ह्या पक्षातील नव्या ट्रंपसमर्थक प्रवाहाच्या प्रतिनिधी होत्या. पक्षातील दोन प्रवाह एका जोडीत आणणे, हा अशा उमेदवारीचा नेहमीचा हेतू असतो.

वरिष्ठांनी नेमलेले एकाहून अधिक पदाधिकारी म्हणजे संयुक्त नेतृत्व नव्हे. महाराष्ट्र प्रदेश काँग्रेसमध्ये २०१९ साली बाळासाहेब थोरात यांच्यासमवेत पाच व २०२१ साली नाना पटोले यांच्यासमवेत सहा कार्याध्यक्ष नेमण्यात आले. राष्ट्रवादी काँग्रेस पक्षात शरद पवार यांनी जून २०२३ मध्ये प्रफुल्ल पटेल व सुप्रिया सुळे यांना कार्याध्यक्ष केले. ह्या सर्व नेमणुका वरून झालेल्या होत्या. प्रदेश, समाज व गट यांचा समतोल साधणे हा त्यांचाही हेतू असतो. परंतु नेमणाऱ्याचा अधिकार अबाधित असल्यामुळे मतभेद झाल्यास अखेरचा शब्द त्याचाच राहतो. संयुक्तपणे निवडून आलेल्या दोघांच्या वर असा कोणी नसतो व त्यांच्यातील अडचणीचे मूळ येथेच असते.

पार्श्वभूमी : एकाच व्यक्तीच्या हाती पक्षाची सर्व सूत्रे जाऊ नयेत, ह्या विचारातून आधुनिक संयुक्त नेतृत्वाची प्रथा वाढली. पश्चिम जर्मनीत जानेवारी १९८० मध्ये स्थापन झालेल्या ग्रीन पक्षाने प्रारंभी अध्यक्ष हे पदच ठेवले नाही. त्याऐवजी समान दर्जाचे तीन प्रवक्ते निवडले. पेट्रा केली ह्या त्यांपैकी एक होत. पक्षाने १९८६ मध्ये स्त्रियांच्या प्रतिनिधित्वासंबंधीचे नियम संमत करून पक्षपदांपैकी निदान निम्मी पदे स्त्रियांना देण्याचे ठरविले. १९९० च्या निवडणुकीत पश्चिम जर्मनीतील ग्रीन पक्षाचा पराभव झाल्यानंतर १९९१ च्या नॉयम्यून्स्टर येथील अधिवेशनात संघटनेची फेररचना होऊन दोन प्रवक्त्यांची प्रथा रूढ झाली. दोघांपैकी निदान एक स्त्री असावी, हा तिचा गाभा आहे. व्यवहारात ह्या दोन जागा पक्षातील वास्तववादी व डावा अशा दोन गटांत वाटल्या जात. २०१८ साली ॲनालेना बेअरबॉक व रोबेर्ट हाबेक हे दोघेही वास्तववादी गटाचे नेते निवडून आल्याने ह्या संकेताला छेद गेला.

इंग्लंड व वेल्सच्या ग्रीन पक्षात सभासदांना एकटा नेता किंवा नेत्यांची जोडी यांपैकी कोणासही निवडता येते. २०१६ साली कॅरोलिन ल्यूकस व जॉनथन बार्टली ही जोडी प्रथमच निवडून आली. पुढे २०२५ साली मात्र एड्रियन रॅमझी व एली चाउन्स यांच्या जोडीस ३,७०५, तर एकट्याने उभे राहिलेल्या झॅक पोलान्स्की यांना २०,४११ मते पडली. जोडीने उभे राहिल्याने दोघांच्या पाठीराख्यांची बेरीज होतेच असे नाही, हे ह्या निकालातून दिसून आले.

कॅनडातील क्वेबेक प्रांतापुरता मर्यादित असलेला केबेक सोलिदेअर हा पक्ष २००६ साली स्थापन झाला. त्याने फ्रांस्वाझ डेव्हिड व आमिर खादिर यांना समान दर्जाचे प्रवक्ते म्हणून पुढे आणले. प्रांताच्या निवडणूक कायद्याला मात्र प्रत्येक पक्षाचा एक नेता नोंदलेला हवा असतो. त्यामुळे पक्षाचा व्यवहार दोघांच्या नावे व कायदेशीर नोंद एकाच्या नावे, अशी विभागणी करावी लागली. पक्ष दोन नेते मानू शकतो, परंतु कायदा सामान्यतः एकच ओळखतो, हा अनुभव इतरत्रही येतो.

जर्मनीतील सोशल डेमॉक्रॅटिक पक्ष : ह्या जुन्या पक्षात अध्यक्षपद दीर्घकाळ एका व्यक्तीकडे असे. जून २०१९ मध्ये आंद्रेआ नालेस यांनी राजीनामा दिल्यानंतर पक्षाने इच्छुकांना एकट्याने अथवा स्त्री-पुरुष जोडीने उभे राहण्याची मुभा दिली. उमेदवारांनी देशभर २३ सभांतून सभासदांपुढे आपली भूमिका मांडली. पहिल्या फेरीत ओलाफ शोल्त्स व क्लारा गायविट्स ही जोडी अल्प आघाडीवर होती. दुसऱ्या फेरीत सास्किया एस्केन व नोर्बेर्ट वॉल्टर-बोरयान्स यांच्या जोडीने ५३·०६ टक्के मते मिळवून विजय संपादन केला.

ह्या निवडणुकीत एक कायदेशीर मर्यादाही होती. जर्मनीच्या १९६७ च्या पक्षविषयक कायद्यानुसार कार्यकारी मंडळाची निवड प्रतिनिधींच्या अधिवेशनानेच करावयाची असते. सभासदांचा कौल त्यामुळे केवळ मार्गदर्शक ठरतो. डिसेंबर २०१९ च्या अधिवेशनाने प्रथम पक्षघटनेत दोन अध्यक्षांची तरतूद केली आणि मग दोघांवर स्वतंत्र मतदान घेतले. त्यात एस्केन यांना ७५·९ टक्के, तर वॉल्टर-बोरयान्स यांना ८९·२ टक्के मते पडली. सभासदांनी ज्यांना एक समजून निवडले होते, त्यांची लोकप्रियता निरनिराळी होती हे प्रतिनिधींच्या मतदानातून उघड झाले.

बर्लिन राज्यशाखा : जोडीने उभे राहण्याची प्रथा लवकरच ह्या पक्षाच्या राज्यशाखांतही शिरली. नगरराज्य असलेल्या बर्लिनमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये फ्रांझिस्का गिफाय व राएद सालेह यांची अध्यक्ष म्हणून निवड झाली. गिफाय ह्या केंद्रीय मंत्री व लोकांत परिचित असलेल्या नेत्या, तर सालेह हे राज्य विधिमंडळातील पक्षगटाचे प्रमुख व संघटनेवर पकड असलेले नेते होते. ह्या वेळीही मतदान स्वतंत्र झाले व गिफाय यांना सालेह यांच्यापेक्षा बरीच अधिक मते मिळाली. फेब्रुवारी २०२३ च्या फेरनिवडणुकीत पक्षाला १८·४ टक्के मते मिळून तो ख्रिश्चन डेमॉक्रॅटिक पक्षाच्या बराच मागे पडला आणि महापौरपद त्याच्या हातून गेले.

२०२४ साली गिफाय पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. त्या वर्षी तीन जोड्यांमध्ये सभासदांचे मतदान झाले : निकोला ब्यॉकर-जानिनी व मार्टिन हिकेल, याना बेर्टेल्स व कियान निरूमंद, आणि लुइसे लेमान व विद्यमान अध्यक्ष सालेह. सालेह यांनी नवी जोडीदार घेऊनही त्यांची जोडी पहिल्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावर राहून बाद झाली. दुसऱ्या फेरीत ब्यॉकर-जानिनी व हिकेल यांना सु. ५८ टक्के मते मिळाली. राज्यमंत्रिमंडळात वा विधिमंडळाच्या पक्षगटात सत्तेचे प्रमुख पद नसलेल्या दोघांनी संघटनेचे नेतृत्व करावे, असा ह्या कौलाचा अर्थ होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोघांनीही एकाच वेळी अध्यक्षपद सोडले. जोडीने निवडून आलेल्यांनी जोडीनेच पायउतार व्हावे, असा नियम नव्हता. परंतु एकत्र मिळालेला कौल एकाकडे राहू शकत नाही, ही समजूत तेथे प्रभावी ठरली. ह्याच समजुतीचा अभाव तमिळनाडूत निर्णायक ठरला.

तमिळनाडूतील प्रयोग : अण्णा द्रमुक हा पक्ष एम्. जी. रामचंद्रन (१९१७–८७) यांनी द्रविड मुन्नेत्र कळघममधून बाहेर पडल्यावर १७ ऑक्टोबर १९७२ रोजी स्थापन केला. पक्षाच्या घटनेत सरचिटणीस हे सर्वोच्च पद होते व त्याची निवड सर्व प्राथमिक सभासदांनी करावी, असा नियम होता. घटनेतील इतर नियम सर्वसाधारण परिषदेस बदलता येत, मात्र हा नियम बदलता येणार नाही असेही तीत नमूद केले होते. रामचंद्रन यांच्या निधनानंतर पक्षात जानकी रामचंद्रन व जयललिता (१९४८–२०१६) असे दोन गट पडले. पक्षाचे ‘दोन पाने’ हे चिन्ह गोठविले गेले व १९८९ च्या विधानसभा निवडणुकीत दोन्ही गटांना वेगवेगळ्या चिन्हांवर लढून पराभव पतकरावा लागला. दोन्ही गट पुढे जयललितांच्या नेतृत्वाखाली एकत्र आले आणि चिन्हही परत मिळाले. चिन्ह गमावले की पक्ष गमावतो, हा धडा त्या पिढीच्या कार्यकर्त्यांच्या मनावर कायमचा ठसला.

जयललिता यांचे ५ डिसेंबर २०१६ रोजी निधन झाल्यावर ओ. पन्नीरसेल्वम् मुख्यमंत्री झाले व सर्वसाधारण परिषदेने व्ही. के. शशिकला यांना हंगामी सरचिटणीस नेमले. फेब्रुवारी २०१७ मध्ये पन्नीरसेल्वम् यांनी बंड पुकारले. बेहिशेबी मालमत्तेच्या खटल्यात शशिकला यांना सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरविल्याने त्यांचे समर्थक एडप्पाडी के. पळनिस्वामी मुख्यमंत्री झाले. मार्चमध्ये निवडणूक आयोगाने चिन्ह पुन्हा गोठविले. ह्या दडपणाखाली पळनिस्वामी व पन्नीरसेल्वम् यांचे गट २१ ऑगस्ट २०१७ रोजी एकत्र आले. १२ सप्टेंबर २०१७ रोजी सर्वसाधारण परिषदेने शशिकलांची नेमणूक रद्द केली, जयललिता यांना शाश्वत सरचिटणीस घोषित केले आणि सरचिटणिसाचे अधिकार समन्वयक व सहसमन्वयक ह्या दोन नव्या पदांकडे संयुक्तपणे सोपविले. पन्नीरसेल्वम् समन्वयक व उपमुख्यमंत्री, तर पळनिस्वामी सहसमन्वयक व मुख्यमंत्री झाले. पक्षात एक वरचढ व शासनात दुसरा, अशी ही वाटणी होती. २३ नोव्हेंबर २०१७ रोजी आयोगाने ‘दोन पाने’ हे चिन्ह ह्या एकत्रित पक्षाला दिले.

सत्ता असेपर्यंत ही व्यवस्था टिकली. २०२१ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाला ६६ जागा मिळाल्या व सत्ता गेली. पळनिस्वामी विरोधी पक्षनेते झाले, पन्नीरसेल्वम् यांना उपनेतेपद मिळाले. समतोलाची शासनातील बाजू अशा रीतीने नाहीशी झाली. १ डिसेंबर २०२१ रोजी कार्यकारी समितीने पक्षघटनेत बदल करून समन्वयक व सहसमन्वयक यांची निवड प्राथमिक सभासदांनी एकाच मताने संयुक्तपणे करावी, अशी तरतूद केली. त्यानुसार जाहीर झालेल्या निवडणुकीत ह्या दोघांचीच जोडी रिंगणात उरली व ६ डिसेंबर रोजी ती बिनविरोध निवडून आल्याचे घोषित झाले. भारतातील एखाद्या राज्यपक्षाच्या सर्वोच्च पदांसाठी संयुक्त उमेदवारीचे हे ठळक उदाहरण होय.

वाद व न्यायनिर्णय : संयुक्त निवडीला सहा महिने होतात न होतात तोच जून २०२२ मध्ये पळनिस्वामी समर्थकांनी एकल नेतृत्वाची मागणी पुढे केली. सर्वसाधारण परिषदेतील बहुसंख्य सभासद त्यांच्या बाजूने होते. २३ जून २०२२ च्या बैठकीत दोघांच्या संमतीने तयार झालेले २३ ठराव परिषदेने एकाच वेळी फेटाळले. डिसेंबर २०२१ मधील बदलाला परिषदेची मान्यता मिळाली नसल्याने दोन्ही पदे संपुष्टात आली, असा दावा पळनिस्वामी गटाने केला. प्राथमिक सभासदांनी पाच वर्षांसाठी दिलेला कौल परिषद रद्द करू शकत नाही व दोघांच्या संमतीविना परिषदेची बैठक बोलावता येत नाही, अशी पन्नीरसेल्वम् यांची भूमिका होती.

ह्या वादाची झळ प्रथम उमेदवारांना लागली. पक्षाच्या उमेदवारीची ‘ए’ व ‘बी’ प्रपत्रे (एबी फॉर्म) दोघांच्या सहीने दिली जात. जुलै २०२२ मधील स्थानिक संस्थांच्या पोटनिवडणुकांसाठी सही करण्याची तयारी पन्नीरसेल्वम् यांनी कळविली. परंतु ती पदेच उरलेली नाहीत, असे उत्तर पळनिस्वामी यांनी दिले. परिणामी पक्षाच्या उमेदवारांना ‘दोन पाने’ ह्या चिन्हाविना उभे राहावे लागले. ११ जुलै रोजी परिषदेने दोन्ही पदे रद्द केली, पळनिस्वामी यांना हंगामी सरचिटणीस निवडले आणि पन्नीरसेल्वम् यांना पक्षातून काढून टाकले. त्याच दिवशी चेन्नईतील पक्षकार्यालयात हाणामारी झाली व महसूल अधिकाऱ्यांनी ते टाळेबंद केले.

मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी १७ ऑगस्ट २०२२ रोजी २३ जूनची स्थिती कायम ठेवण्याचा व दोघांच्या संयुक्त संमतीनेच बैठक बोलावण्याचा आदेश दिला. २ सप्टेंबर रोजी खंडपीठाने तो रद्द केला. दोघे एकत्र काम करण्याची शक्यताच उरलेली नसताना संयुक्त संमतीचा आग्रह धरल्यास पक्षाचे कामकाज ठप्प होईल, असे कारण खंडपीठाने दिले. सर्वोच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०२३ रोजी हा निर्णय उचलून धरला. मात्र परिषदेच्या ठरावांच्या वैधतेचा प्रश्न मूळ दाव्यात निर्णय होण्यासाठी खुला ठेवला. दरम्यान इरोड पूर्व मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत चिन्हासाठी कोणी सही करावी, ह्याची तात्पुरती व्यवस्थाही ह्याच न्यायालयाला करून द्यावी लागली. २८ मार्च २०२३ रोजी उच्च न्यायालयाने ठरावांना स्थगिती देण्यास नकार दिला व त्याच दिवशी पळनिस्वामी बिनविरोध सरचिटणीस म्हणून घोषित झाले. पुढील महिन्यात आयोगाने त्याची नोंद घेतली.

कायदेशीर स्थिती : भारतात लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २९-अ अन्वये पक्षांची नोंदणी होते, परंतु पक्षांतर्गत निवडणुका कशा घ्याव्यात, हे तो कायदा सांगत नाही. जर्मनीतील पक्षविषयक कायद्यासारखा तपशीलवार कायदा येथे नाही. निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश, १९६८ नुसार दोन गटांतील चिन्हाच्या वादाचा निर्णय निवडणूक आयोग करतो. १९७१ सालच्या सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ह्यासाठी बहुमताची कसोटी ग्राह्य मानली. महाराष्ट्रातील शिवसेना व राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष यांच्या चिन्हांचे वाद अनुक्रमे २०२३ व २०२४ मध्ये आयोगाने ह्याच आदेशान्वये हाताळले. ह्या व्यवस्थेत बहुमत कोणाकडे, हे तपासले जाते; दोघांना मिळून दिलेल्या एका मताचे विभाजन कसे करावयाचे, ह्याला तीत स्थान नाही. त्यामुळे संयुक्तपणे निवडलेल्या दोघांत बेबनाव झाला की सभासदांचा मूळ कौल बाजूला पडतो आणि परिषद वा विधिमंडळ पक्ष यांतील संख्याबळ निर्णायक ठरते.

मूल्यमापन : संयुक्त उमेदवारीचे लाभ उघड आहेत. स्त्रियांना सर्वोच्च पदाची खात्रीशीर वाट तिने मोकळी केली. पराभूत गट पक्षाबाहेर पडण्याची शक्यता ती कमी करते, कामाचा भार वाटून देते व मतदानापूर्वीच दोन प्रवाहांना समान कार्यक्रम शोधण्यास भाग पाडते. १९८९ सारखी वाताहत अण्णा द्रमुकमध्ये २०१७ नंतर टळली व २०२१ पर्यंत शासन चालले, ते ह्याच व्यवस्थेमुळे.

तिच्या उणिवा जबाबदारीच्या प्रश्नाशी निगडित आहेत. निवडणुकीत अपयश आल्यास दोघांपैकी कोणाला जाब विचारावा, हे सभासदाला कळत नाही. शिवाय त्याला एक हवा व दुसरा नको असल्यास तसे मत देण्याची सोय नसते. दोघांनाही नकाराचा समान अधिकार असल्याने एकाच्या हट्टामुळेही काम अडते. उमेदवारी, चिन्ह व निधी यांसंबंधीच्या कागदांवर दोन सह्या आवश्यक असतील, तर एक सही नाकारणे हेच प्रभावी शस्त्र बनते व त्याचा घाव प्रतिस्पर्ध्यापेक्षा सामान्य उमेदवारावर अधिक होतो. बिनविरोध संयुक्त निवडीत तर सभासदांचा कौल प्रत्यक्ष आजमावलाच जात नाही. अशा कौलाचा आधार संकटकाळी किती तोकडा ठरतो, हे २०२२ मध्ये दिसून आले.

दोन व्यक्तींनी एकत्र उभे राहणे, हा त्यांच्यातील करार असतो. पक्षघटनेत त्याच्या अटी लिहिल्या गेल्या तरच तो सभासदांचा होतो. मतभेदाचा निवाडा कोणी करावा, एकाने पद सोडल्यास दुसऱ्याचे काय व्हावे, बैठक बोलावण्याचा व सहीचा अधिकार अडचणीच्या प्रसंगी कोणाकडे जावा, ह्या तीन गोष्टी निवडणुकीपूर्वीच ठरलेल्या असणे संयुक्त नेतृत्वाच्या स्थैर्यासाठी आवश्यक असते. त्या ठरलेल्या नसल्यास जोडीतील मित्रत्व टिकेपर्यंतच ही पद्धत टिकते.